मोकळ्या जागेचा रंग

"आत्या, बाग कुठं दाखवू?"

रात्रीची जेवणं झाली होती, आई ओटा पुसत होती आणि भाचा हॉलमध्ये फरशीवर पालथा पडून आमच्या कॉलनीचा नकाशा काढत होता. चौथीचा परिसर अभ्यास. बाईंनी फळ्यावर यादी लिहून दिलेली: घर, रस्ता, दुकान, देऊळ, दवाखाना, बाग. एकेक काढून झालं की तो यादीत बरोबरची खूण करत होता. किराणा दुकान झालं, दत्ताचं देऊळ झालं, कोपऱ्यावरची डीपी तर यादीत नसताना त्यानं आपणहून काढली, कारण पावसात तिच्यातून ठिणग्या उडतात. मग पेन्सिल थांबली आणि त्यानं तो प्रश्न विचारला. मी म्हणाले, "आपल्या कॉलनीत बाग नाही रे." तो म्हणाला, "पण यादीत आहे." मी म्हणाले, "मग खेळायची जागा दाखव." त्यावर तो शांतपणे म्हणाला, "आम्ही शेजारच्या रिकाम्या प्लॉटात खेळतो. पण आत्ता त्यात पाणी आहे ना." त्याच्या बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती. जून ते दिवाळी खेळायच्या जागेत पाणी असतं, हे त्याच्या लेखी आकाशात ढग असतात तसंच आहे. मला तेच लागलं. तो पुढं शाळेचं चित्र काढायला लागला आणि मी तिथंच बसून राहिले.

ह्या प्रश्नाचं उत्तर देणं माझं एकेकाळी पोटापाण्याचं काम होतं. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली ती १९९८ साली. त्याच वर्षी मी एका आर्किटेक्टकडे आरेखक म्हणून लागले आणि पुढची अकरा वर्षं दुसऱ्यांच्या जमिनींचे लेआउट काढले. ट्रेसिंग पेपर, शाईचे रॉट्रिंग पेन, चूक झाली की ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायची. प्रिंट काढायच्या खोलीत अमोनियाचा असा भपकारा असायचा की डोळे चुरचुरायचे आणि घरी गेल्यावर आई म्हणायची, केसांना वास येतोय, आधी डोकं धू. मंजुरीला नकाशा पाठवताना कशाला कोणता रंग द्यायचा, ह्याचा तक्ता नियमावलीत होता. प्लॉटची हद्द जाड काळ्या रेषेनं. असलेला रस्ता हिरवा. नवं बांधकाम लाल भरायचं, पाडायचं ते पिवळ्या आडव्यातिडव्या रेघांनी. ड्रेनेज लाल तुटक, पाण्याची पाइपलाइन काळी तुटक. आणि मोकळी जागा: रंग नाही. तक्त्यात असंच लिहिलेलं होतं. प्रत्येक नळीला, प्रत्येक भिंतीला रंग ठरलेला, आणि माणसानं जिथं जाऊन नुसतं बसायचं ती जागा कोरी सोडायची. पहिल्या वर्षी मला ते आवडलं होतं. कागदावर तेवढाच भाग डोळ्याला गार वाटायचा.

मग त्या कोऱ्या जागेचं काय करतात ते कळायला लागलं. चार हजार चौरस मीटरच्या पुढं जमीन असेल तर लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. २०२० साली मुंबई सोडून जवळजवळ राज्यभरासाठी एकच नियमावली आली, तिच्यातही हा नियम आहे. एकराला साधारण चार गुंठे. मालकाला हे चार गुंठे म्हणजे चार गुंठ्यांचं नुकसान वाटायचं. तो सरांच्या टेबलावर वाकून बोट फिरवायचा. रस्त्यालगतचा भाग नको, पूर्वेचं तोंड आहे तो नको, कोपऱ्याचा तर नकोच नको. शेवटी नाल्याकडेची तिरकी पट्टी, उच्चदाबाच्या तारांखालचा तुकडा, नाहीतर तीन बाजूंनी प्लॉट बसवून झाल्यावर उरलेला त्रिकोण, तिथं मी सुबक अक्षरांत 'खुली जागा' असं लिहायची. अक्षर माझं चांगलं होतं. कितीतरी त्रिकोणांवर माझ्या हातचं 'खुली जागा' आहे. आज त्यातल्या एखाद्या कॉलनीतून रिक्षानं जाताना मी मान वळवून बघते. काही ठिकाणी बाभळी माजल्यात, काही ठिकाणी विटांचा ढीग आहे. एका ठिकाणी एक म्हातारा रोज खुर्ची टाकून बसतो, तारांच्या बरोबर खाली. त्याला बघितलं की पोटात कालवतं. ती पट्टी मी पलीकडे सरकवू शकले असते का? निर्णय माझा नव्हता. पण मी एकदाही तोंड उघडलं नाही, हेही खरं.

आणि आमच्या स्वतःच्या कॉलनीत तर तेवढाही त्रिकोण नाही, कारण आमचा लेआउट कुणी काढलाच नाही. आप्पांनी जागा घेतली ती गुंठेवारीतली, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या शेतातली. शामरावनगरच्या अंगाला, शंभर फुटी रस्ता तेव्हा नुसता बोलण्यात होता. कारखान्यातल्या चौघांनी मिळून शेतकऱ्याशी व्यवहार ठरवला, दोऱ्या लावून दीड-दीड, दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडले, मधे बैलगाडी जाईल एवढी बोळ सोडली आणि झालं. एकराचे चाळीस गुंठे असतात. बोळ वजा जाता सगळेच्या सगळे विकले गेले. बागेचे चार गुंठे सोडा, कचराकुंडीला हातभर जागा ठेवली नाही. काळी कसदार जमीन. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडायच्या की माझी एक पैंजण त्यात गेली ती आजवर जमिनीतच आहे. पावसाळ्यात तीच माती चपलेला धरून बसायची. व्यवहार झाल्यावर तो शेतकरी आप्पांना म्हणाला होता, "घ्या, पन येक सांगतो. पानी हितं इसाव्याला येतंय." आप्पा ही गोष्ट पुढं कितीदा तरी सांगायचे, कौतुकानं, की बघा माणूस किती खरा. पण त्यातून काही निघतं असं त्यांना तेव्हा वाटलं नाही. भाड्याच्या दोन खोल्यांतून बाहेर पडायचं होतं. माझ्या वयाला आल्यावर मला त्यांचं चूक वाटत नाही. चुकीची जागा होती, एवढंच म्हणता येतं.

हरिपूरला आमचे नातेवाईक होते, त्यांच्याकडं हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, अंगाला शेण-माती लावलेली कोठारं. वरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं हळदीला कीड लागायची नाही. तिथली माती पाझरत नाही, म्हणून हळद तिथं. लहानपणी पेवाच्या तोंडाशी उभं राहिलं की आतून उबदार, कडवट वास यायचा. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं आणि कितीतरी पेवं कायमची गेली. पण ती पुराआधी कितीतरी पिढ्या टिकली, ती मातीला विचारून खणली म्हणून. आमच्या बाजूला मातीनं शेतकऱ्याच्या तोंडून आपणहून सांगितलं होतं.

गुंठेवारीचा कायदा २००१ चा. घर कायदेशीर झाल्याचा कागद आला त्या दिवशी आप्पांनी तो लॅमिनेट करून देव्हाऱ्यावर ठेवला होता. आईनं शिरा केला होता. पुढं दुरुस्ती होऊन २०२० अखेरपर्यंतची बांधकामंही त्यात आली. हा कायदा नसता तर आमच्यासारखी हजारो कुटुंबं आजही जीव मुठीत धरून राहिली असती, म्हणून त्याला नावं ठेवणाऱ्यांशी मी भांडते. पण कायद्यानं घर नियमित होतं, रस्ता होतो, नळ येतो, ड्रेनेज आज ना उद्या येतं. जे चार गुंठे कुणी सोडलेच नाहीत ते कुठल्या शिक्क्यानं परत येणार? नळाची लाइन दहा वर्षांनी टाकता येते. जागा मागाहून टाकता येत नाही.

पाण्याचं सांगायचं तर नदीच्या पुराची गोष्ट वेगळी. आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा, पंचेचाळीसला धोका, हे सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. २०१९ ला ते सत्तावन्न फुटांच्या वर गेलं आणि आमच्या घरात खिडकीचे गज बुडाले. तेवढी कृष्णा कुठल्या बागेत मावत नाही. कुणी तसं म्हणत असेल तर मी ऐकणार नाही. माझं म्हणणं दरवर्षीच्या पाण्याबद्दल आहे, जे बातमीत येत नाही. शेजारचा दोन गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे दोनशे चौरस मीटर. त्यात दीड फूट पाणी उभं राहिलं तर नव्वद हजार लिटरच्या वर होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ टँकर. हा हिशोब मी एका पावसाळ्यात गॅलरीत उभी राहून केला. त्या एका उनाड, झाडोरा माजलेल्या प्लॉटानं जूनपासून नऊ टँकर पाणी आपल्या अंगावर घेतलेलं असतं, कुणी सांगितलेलं नसताना. पलीकडचा तसाच प्लॉट चार वर्षांपूर्वी मुरूम टाकून भरला, जोता चांगला चार फूट वर घेतला. त्या पावसाळ्यात त्याचं पाणी शेजाऱ्यांच्या संडासातून वर आलं. मग त्या शेजाऱ्यांनी अंगण भरून घेतलं. मग रस्ता उंच केला. आम्ही राहायला आलो तेव्हा दाराला तीन पायऱ्या चढून जावं लागायचं. एक एक करत रस्त्यानं त्या गिळल्या, आणि आता मी घरात शिरताना एक पायरी खाली उतरते. गुडघे दुखतात म्हणून आईला ती उतरायची पायरी जास्त त्रासाची होते. चढताना निदान चौकटीला धरता येतं.

ह्यात कोणी कोणाचं वाईट चिंतलेलं नाही.

विश्रामबागेकडं मामाची कॉलनी आहे, रीतसर मंजूर लेआउटची. तिथं मोकळी जागा होती आणि चांगली चौकोनी, मधोमध. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिथं लगोरी खेळलोय, रात्री सतरंज्या टाकून झोपलोय. आज तिचं काय उरलंय ते मी मागच्या महिन्यात पायांनी मोजून आले. आधी एका कोपऱ्यात बोअर मारली, मोटारीला खोली बांधली. दाब मिळत नाही म्हणून पाण्याची टाकी आली. विजेचा भार वाढला तेव्हा ट्रान्सफॉर्मर आला, त्याला तारेचं कुंपण. गणपतीला दरवर्षी मांडव घालायचा तर पत्र्याचं शेड कायमचंच बरं, असं ठरलं. शेडात मूर्ती राहिली, तिला भिंती आल्या. मग व्यायामाची लोखंडी यंत्रं. ह्यातली एकही गोष्ट नको होती असं मला म्हणता येत नाही. टाकी नसती तर मामीला उन्हाळ्यात टँकरमागं धावावं लागलं असतं. पण पाण्याला, विजेला, देवाला, व्यायामाला, प्रत्येकाला तीच एक जागा दिसली, कारण सगळ्यांच्या नजरेला ती रिकामी होती. बैठकीत कुणीतरी म्हणालं, आता उरलेल्या भागात एखाद्या डॉक्टरांना दवाखाना काढू देऊ, बागेपेक्षा दवाखाना केव्हाही बरा. मामानं माझ्याकडं बघितलं. मी त्यांना बंगळुरूची गोष्ट सांगितली. तिथं बागेसाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला द्यायचं ठरलं होतं आणि रहिवाशांचं भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९९१ साली न्यायालयानं सांगितलं की बागेची जागा अशी देता येणार नाही. लोकांनी ऐकून घेतलं. चहा आला. विषय पुढच्या बैठकीवर गेला, आणि निघताना एक आजोबा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पोरी, जागा मोकळी ठेवायची तर तिच्यात कुणीतरी जाऊन बसायला लागतं. तुमची पिढी बसते का?" मला उत्तर देता आलं नाही.

मोकळी आणि रिकामी, हे दोन शब्द आपण सरमिसळ करून वापरतो. रिकामं भांडं भरायचं असतं. रिकामा माणूस कामाला लावायचा असतो. मोकळं म्हणजे केस मोकळे, गळा मोकळा, मन मोकळं. तिथं भरण्यासारखं काही राहिलेलं नसतं. आप्पांच्या बोलण्यात दोन्ही शब्द असायचे आणि ते कधी चुकायचे नाहीत. शेजारच्या प्लॉटाला ते 'रिकामा' म्हणायचे. संध्याकाळी आमराईत फिरायला निघताना म्हणायचे, "जरा मोकळ्यात जाऊन येतो."

आमराई संस्थानकाळातली. मी अजून रविवारी सकाळी जाते. आत पाऊल टाकलं की रस्त्याचा आवाज एकदम मागं पडतो, पायाखाली कुजलेल्या पानांचा लिबलिबीत थर, मोहोराच्या दिवसांत नाकाला झोंबणारा गोडसर तिखट वास. चालणारे, हसण्याचे व्यायाम करणारे, बाकावर पेपर उघडून शेंगा खाणारे. ती झाडं ज्यांनी लावली त्यांच्यासमोर ना दहा टक्क्यांचा नियम होता, ना जमिनींच्या आरक्षणाचा नकाशा. एका राजाच्या मर्जीवर शहराची बाग असावी असं मला वाटत नाही. पण आपल्या मर्जीवर, आपण निवडून दिलेल्यांच्या मर्जीवर गेल्या पन्नास वर्षांत अशी एखादी आमराई लागली असती, तर हे बोलताना जीभ अडखळली नसती.

आरक्षणाचंही मी जवळून बघितलंय. विकास आराखड्यात एखाद्याच्या शेतावर हिरवा रंग पडला की ना त्याला गिऱ्हाईक मिळतं, ना त्यावर बांधता येतं. आणि पैसे तर कोणी देत नाही. सरांकडं एक शेतकरी यायचे, धोतर, काखेत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा. त्यांच्या दोन एकरांवर बागेचं आरक्षण होतं. १९६६ च्या नगररचना कायद्यात कलम १२७ आहे: आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण उठतं. मुळात ही मुदत सहा महिन्यांची होती, आता चोवीस महिन्यांची आहे. नोटिशीसोबतचा नकाशा मी काढला. दरम्यान त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न कर्ज काढून झालं. आरक्षण उठलं त्या दिवशी ते पेढे घेऊन आले, मला वाकून नमस्कार करायला लागले, मी मागं सरकले. मला खूप आनंद झाला होता. घरी येताना सायकलवर एकदम लक्षात आलं की शहराच्या त्या सबंध भागातली एकुलती एक बाग आज पुसली गेली आणि तिचा पेढा माझ्या तोंडात आहे. आजही मला ह्या दोन्ही भावना वेगळ्या करता येत नाहीत. त्या माणसाला वीस वर्षं टांगून ठेवणं हा अन्याय होता. बाग जाणं हाही होता. जमीन वेळेवर, रास्त पैसे देऊन घेतली असती तर दोन्ही टळलं असतं. पैसे रस्त्याला निघतात, पुलाला निघतात, बागेची पाळी येते तेव्हा तिजोरी रिकामी असते.

शेजारच्या प्लॉटाचे मालक जत तालुक्यातले, एसटीतून निवृत्त झालेले. फंडाच्या पैशांतून मुलासाठी जागा घेऊन ठेवलेली. परवा ते आले होते. प्लॉटाच्या कडेला छत्री घेऊन बराच वेळ उभे राहिले. आईनं चहाला बोलावलं. पाण्यात पाणकणीस उगवलंय, दोन बगळे रोज येतात, रात्री बेडकांचा असा गलका असतो की खिडकी लावावी लागते. ते म्हणाले, "आमच्याकडं पान्याच्या थेंबासाठी डोळं लावून बसायचं, आन् हितं माझ्या जागंतलं पानी मलाच काढून टाकायचंय." दिवाळीनंतर मुरूम टाकणार आहेत. मुलाचं लग्न ठरतंय, खोल्या हव्यात. मी कॉलनीतल्या पंधरा-वीस घरांत फिरून बघितलंय की वर्गणी काढून ही जागा घेता येईल का. रक्कम ऐकून बायका गप्प होतात, पण नाही असं अजून कुणी म्हटलेलं नाही. मालकांना मी हे सांगितलं. त्यांनी कपातला उरलेला चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांबतो की, ताई. तवर कुठं वाळतंय ते."

काल रात्री भाच्यानं नकाशा रंगवायला घेतला. घरं पिवळी, देऊळ भगवं, डीपी लाल. बाईंना विचारून आला होता. त्या म्हणाल्या, जे आहे ते दाखव. शेजारच्या प्लॉटाचा चौकोन त्यानं पेन्सिलनं आखून ठेवला होता. "आत्या, ह्याला कुठला रंग?" तक्त्यातली ओळ माझ्या अगदी ओठावर आली होती. मी म्हटलं, "तूच बघ." तो टॉर्च घेऊन गॅलरीत गेला, बराच वेळ कठड्याला लटकून खाली उजेड फिरवत राहिला. बेडकं क्षणभर थांबली, पुन्हा सुरू झाली. आत येऊन म्हणाला, "अजून गुडघ्याएवढं आहे," आणि निळा खडू घेऊन भरायला बसला. कडेनं थोडी जागा सोडली होती. तिथं पाणकणसासाठी हिरव्या उभ्या रेघा मारल्या, एक, दोन, तीन, आणि मला म्हणाला, बगळा तेवढा तू काढून दे.